ऐकू येतं, पण कळत नाही: थोडं कमी ऐकू येऊ लागल्यावर काय करावं

बँकेच्या काउंटरवर मी तेहतीस वर्षं काढली. २०२० साली काउंटरसमोर प्लास्टिकचा पडदा लागला, ग्राहकांच्या तोंडावर मास्क आले आणि मला ‘सात हजार’ की ‘साठ हजार’ हे कळेनासं झालं. प्रत्येकाला मी स्लिपवर आकडा दाखवायला सांगू लागले. तेव्हा सगळा दोष मास्कला दिला. पुढे कळलं, की त्याआधी कित्येक वर्षं मी नकळत समोरच्याचे ओठ वाचत होते आणि मास्कने तेवढा आधार काढून घेतला होता. तरीही तपासणीला जायला मी आणखी दोन वर्षं लावली. दोन्ही कानांत सौम्य श्रवणदोष निघाला. ती दोन वर्षं तुमची किंवा तुमच्या घरातल्या कुणाची जाऊ नयेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी ‘सौम्य’ म्हणजे किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीत, दोन कानांपैकी चांगल्या कानाला ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज २० ते ३५ डेसिबलच्या दरम्यान असेल तर त्याला सौम्य म्हणतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून २६ ते ४० ही जुनी पट्टी वापरतात. त्यामुळे रिपोर्टवर कुठला शब्द लिहिला आहे यापेक्षा आकडा किती आहे ते बघा.

समोरासमोरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. मग ३५ डेसिबलपासून पुढचं ऐकू येणाऱ्याला अडचण का यावी? हा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर असं, की बोलणं एकसारख्या जोराचं नसतं. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि मोठे असतात, ते सहज पोहोचतात. स, श, फ, थ, ख यांत मात्र नुसती हवा असते. हे आवाज बारीक, उंच पट्टीतले आणि फार हळू. कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी असलेला एक भाग असतो. त्यात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात आणि उंच पट्टीच्या पेशी शंखाच्या अगदी तोंडाशी असतात. वयाने किंवा गोंगाटाने बहुधा त्याच आधी जातात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. ‘चहा’ आणि ‘सहा’, ‘पान’ आणि ‘कान’ एकसारखे वाटतात. घरचे मोठ्याने ओरडतात तेव्हा स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनं होती तिथेच राहतात. शांत खोलीत मेंदू गाळलेल्या जागा भरून घेतो. लग्नाच्या पंगतीत, पंख्याखाली किंवा लोकलमध्ये त्याला ते जमत नाही.

मग एवढ्यातच उपचार कशासाठी

कान कमजोर झाल्याचं मला आधी थकव्याने सांगितलं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी बोलू नये असं वाटायचं. दिवसभर प्रत्येक वाक्य अंदाजाने जुळवत राहण्याची ती दमणूक होती. मग माणूस नुसती मान डोलावायला शिकतो, पुढे भिशीला जाणं टाळतो, फोन आला की दुसऱ्याच्या हातात देतो. हे सगळं सौम्य पायरीवरच सुरू होतं.

स्मृतिभ्रंशाबद्दल तुम्ही वाचलं असेल, त्याबद्दल नेमकं सांगते. अमेरिकेत ६३९ लोकांवर अनेक वर्षं केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सौम्य श्रवणदोष असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांत ऐकू कमी येणं आहे. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये ‘अचीव्ह’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना तीन वर्षं तपासलं होतं. सगळ्यांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राने बुद्धीची घसरण थांबल्याचं दिसलं नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा कुणी ‘मशीन घ्या, नाहीतर विसरभोळे व्हाल’ अशी भीती घालून विकत असेल, तर तिथून उठा.

मला सर्वांत पटलेलं कारण वेगळं आहे. श्रवणयंत्र वापरणं ही शिकण्याची गोष्ट आहे. बारीक बॅटरी बसवायला बोटं हलकी लागतात, डोळे लागतात आणि नव्या आवाजांची सवय करून घ्यायला मनाची तयारी लागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे महिन्याभरात जमतं. मोतीबिंदू, आखडलेली बोटं आणि वीस वर्षांचं एकटेपण घेऊन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तेच फार जड जातं, आणि मग मशीन कपाटात पडून राहतं. माझ्या सासूबाईंचं तसंच झालं.

डोळ्यांचं बघा. चाळीस ओलांडली की जवळचं दिसेनासं होतं, आपण चष्मा लावतो आणि त्याला बिनदिक्कत ‘चाळिशी’ म्हणतो. कानांसाठी मराठीत असा प्रेमळ शब्द नाही, ‘बहिरा’ हा एकच टोचणारा शब्द आहे. माझ्या मते लोक तपासणी टाळतात त्यामागे पैशांपेक्षा हा शब्द जास्त आहे.

पायरी १: दोन आठवडे लिहून ठेवा

वहीत तारीख, जागा आणि काय चुकलं एवढंच लिहा. थर्मामीटरची किंवा वॉशिंग मशीनची बीप ऐकू येते का, नातवंडांचं बोलणं मोठ्यांपेक्षा कमी कळतं का, टीव्हीचा आवाज घरचे येऊन कमी करतात का, मागून हाक मारली तर कळतं का, आणि ‘काय?’ दिवसातून किती वेळा विचारावं लागतं. कानात सतत किणकिण किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तोही लिहा.

घरच्यांना वेगळं लिहायला सांगा. माझ्या नवऱ्याची यादी माझ्या यादीच्या तिप्पट निघाली. जे ऐकूच आलं नाही ते मी कुठून लिहिणार होते?

पायरी २: या गोष्टी असतील तर वही बाजूला ठेवा

एका कानाने एकाएकी, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ‘सर्दीने दडे बसले असतील, सुटतील’ म्हणून आठवडा घालवू नका. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि त्यांचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. कानातून पू किंवा रक्त, चक्कर, तीव्र दुखणं, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, एकाच कानात सतत आवाज किंवा एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येणं, यांतलं काही असलं तरी आधी डॉक्टर. मशीनचा विचार नंतर.

पायरी ३: आधी डॉक्टर, मग दुकान

अनेक जण थेट श्रवणयंत्राच्या दुकानात जातात. क्रम उलटा ठेवा. कमी ऐकू येण्याचं कारण कधी नुसता मळ असतो आणि तो निघाला की पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. कधी पडद्याला छिद्र असतं, कधी पडद्यामागे पाणी साचलेलं असतं, कधी कानातलं रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड घट्ट बसलेलं असतं. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर औषध किंवा शस्त्रक्रिया आहे. लवकर जाण्याचा सर्वांत रोकडा फायदा हाच.

जाण्याआधी कानात तेल घालू नका, केसाची पिन आणि कापसाची काडी घालू नका, रस्त्यावर कान साफ करणाऱ्याकडे जाऊ नका. काडीने मळ आत ढकलला जातो. पडद्याला छिद्र असेल तर तेलाने कान फुटू शकतो. चालू औषधांची यादी सोबत न्या. ॲमिकासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिसप्लॅटिन कानाला अपाय करू शकतात. मनाने कुठलंच औषध बंद मात्र करू नका.

पायरी ४: ऑडिओमेट्री

ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची मोजणी. ती ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, करतात. आवाज बाहेर अडवणाऱ्या छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन देतात आणि अगदी हळू ‘टूं’ ऐकू आला तरी बटण दाबायला सांगतात. अंदाजाने दाबू नका आणि पक्की खात्री होईपर्यंत थांबूही नका. मग कानामागच्या हाडावर एक कंप देणारं यंत्र ठेवून पुन्हा तेच करतात. दुखत काहीच नाही, अर्ध्या तासात होतं.

‘शब्द ऐकवून करायची चाचणीही कराल का? मराठीत?’ हे जरूर विचारा. नुसत्या सुरांपेक्षा तुमची खरी अडचण तिथे दिसते. आदल्या दिवशी लग्नाच्या बँडजवळ किंवा ढोल-ताशाजवळ उभे राहिला असाल तर तारीख पुढे ढकला, कारण मोठ्या आवाजानंतर कान तात्पुरते बधिर होतात. बंद खोलीशिवाय, दुकानाच्या गजबजाटात केलेल्या ‘मोफत तपासणी’च्या आकड्यांवर पैसे खर्च करू नका. मोबाइलवर जागतिक आरोग्य संघटनेचं मोफत श्रवणचाचणी ॲप मिळतं. तपासणीला जावं की नाही हे ठरवायला ते ठीक आहे, त्याहून पुढे नाही.

तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का ते विचारा. नोंदणी क्रमांक बहुधा भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर असतो.

पायरी ५: तो आलेख स्वतः वाचा

तपासणीनंतर हाती येणारा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. तो वाचायला पेटीची आठवण पुरते. डावीकडे खर्जाचे जाड सूर, उजवीकडे तार सप्तकाचे बारीक. आकडे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत जातात. वरून खाली डेसिबल वाढत जातात, म्हणजे खूण जितकी खाली तितकं ऐकू येणं कमी. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची.

माझी रेघ डावीकडे जवळपास सरळ होती आणि २००० हर्ट्झनंतर जिन्यासारखी उतरत गेली होती. वयाने कमी ऐकू येणाऱ्या पुष्कळांची अशीच असते. ४००० च्या आसपास एकच खड्डा असेल तर गोंगाटाचा संशय घेतात. हेडफोनच्या आणि हाडाच्या रेघांत मोठं अंतर असेल, तर अडथळा कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात आहे, तेव्हा डॉक्टरांकडे परत जा. दोन्ही रेघा सोबत उतरत असतील तर बिघाड आतल्या कानाचा. ‘नस सुकली’ असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा त्या केसपेशीच गेलेल्या असतात.

मूळ कागद मागून घ्या. तो तुमचा आहे.

पायरी ६: यंत्र घ्यायचं की नाही

सौम्य दोष असलेल्या प्रत्येकाला यंत्र लागतंच असं नाही. दिवसभर घरात एक-दोन माणसांशीच बोलायचं असेल आणि वहीतल्या नोंदी थोड्या असतील, तर बोलण्याच्या सवयी बदलून वर्षाने पुन्हा तपासणं हा चांगला निर्णय आहे. शिक्षक, वकील, दुकानदार, मीटिंगांत बसणारे, भजनी मंडळात गाणारे यांना तेवढाच आकडा फार जाचतो. माझं मत विचाराल तर आकडा आणि वही शेजारी ठेवा, आणि दोघांत वाद झाला तर वहीचं ऐका.

पायरी ७: यंत्र निवडताना

लोक त्याला ‘मशीन’ म्हणतात, मीही म्हणते. उंच पट्टीचा सौम्य दोष असेल तर बहुधा कानामागे बसणारं छोटं यंत्र, बारीक तार आणि कानात छिद्रं असलेलं मऊ रबरी टोपण असा प्रकार सुचवतात. कान उघडा राहतो, त्यामुळे स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमत नाही. पूर्ण कानाच्या आत लपणारं यंत्र दिसत नाही म्हणून आवडतं, पण ते हाताळायला अवघड असतं आणि मळाने लवकर बिघडतं. माझं दिसतं. भाजीवालीने एकदा विचारलं, मी सांगितलं, तिने तिच्या आईबद्दल विचारून घेतलं.

एकाच कानाचं घेऊन पैसे वाचवावेत असं वाटतं. दोष दोन्हीकडे असेल तर गर्दीत बोलणं वेगळं काढायला आणि आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात.

किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत जातात. महागातली बरीच सोय गोंगाट आणि ब्लूटूथसाठी असते. मधल्या किमतीचं यंत्र नीट बसवलं, तर वाईट बसवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. म्हणून विकणाऱ्याला हे विचारा: घरी वापरून बघायला किती दिवस देता? नको वाटलं तर किती पैसे परत? पुढची फेरजुळणी किती वेळा आणि कितीला? कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज प्रत्यक्ष मोजता का? उत्तरं लेखी घ्या. मला पहिल्या ठिकाणी ‘घेतलं की परत नाही’ असं पैसे भरल्यावर सांगितलं गेलं होतं.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारी ‘कानाची मशीन’ बहुधा नुसती आवाज वाढवणारी असतात. ती जाड सूरही वाढवतात, जिथे तुम्हाला गरजच नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांचं वेगळं आहे. तिथे ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोषासाठी, अठरा वर्षांवरच्यांना चिठ्ठीशिवाय नियमांत बसणारी यंत्रं मिळतात.

पायरी ८: पहिले दोन महिने

पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि मी दचकले. बांगड्या, स्टीलची ताटं, चपलांची फरफर, स्वतःचं पोहे चावणं, सगळं कर्कश वाटत होतं. मेंदू या आवाजांना विसरलेला असतो. सुरुवातीला शांत घरात रोज दोन-तीन तास, मग एका माणसाशी गप्पा, मग टीव्ही, मग जिन्यात, आणि शेवटी बाजार. पहिल्याच दिवशी लग्नाला घालून जाऊ नका.

‘फक्त बाहेर जाताना लावीन’ ही सवय सर्वांत घातक. मेंदूला रोज तेच आवाज मिळाले तर तो कोणते सोडून द्यायचे ते शिकतो. दोन-तीन आठवड्यांनी फेरजुळणीला जाताना वही न्या. ‘बरं नाही वाटत’ या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. ‘ताट आपटलं की टोचतं, सुनेचं बोलणं अजून कळत नाही’ यावर करता येतं.

पावसाळा हा यंत्राचा शत्रू, कोकणात तर फारच. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आंघोळ, केसांचा रंग आणि ड्रायर यांच्या आधी काढा. साध्या बॅटरीचं रंगीत स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं ती उघडी ठेवून मग बसवा. तिला हवा लागते. जुन्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळल्या तर जिवावर बेततं.

पायरी ९: घरच्यांशी

आधी नाव घेऊन हाक मारा, मी बघितलं की बोला. दुसऱ्या खोलीतून बोलू नका. तेच वाक्य पुन्हा ओरडण्यापेक्षा शब्द बदला. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे चार शब्द घरातून हद्दपार करा. मी विचारते कारण मला ऐकायचं असतं.

पैसे आणि सरकारी सोयी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे श्रवणदोष असेल तरच दिव्यांगत्वात गणना होते. सौम्य दोषाला ते प्रमाणपत्र मिळत नाही, त्यासाठी हेलपाटे घालू नका. ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात मिळतात आणि त्या साधनांत श्रवणयंत्र आहे. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाक् व श्रवण विभाग आहे. इतरत्र सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा.

मुलांबद्दल एकच गोष्ट. मूल ‘लक्ष देत नाही’ अशी शाळेतून तक्रार आली तर रागावण्याआधी कान तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि भाषा शिकण्याच्या वयात तेवढी कमतरताही महाग पडते.

शेवटची पायरी: उरलेलं जपणं आणि दरवर्षी मोजणं

८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. विसर्जन मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरजवळ चालताना हा हिशेब लक्षात ठेवा. मेडिकलच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते खिशात असू द्या. ढोल पथकात वाजवणाऱ्या मुलामुलींनाही द्या.

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. तारीख लक्षात राहते म्हणून मी दरवर्षी त्याच आठवड्यात तपासणी करते. सगळे ऑडिओग्राम एका फायलीत लावले आहेत, सर्वांत जुना तळाशी. ४००० हर्ट्झला पहिल्या वर्षी ३५ होतं, गेल्या मार्चमध्ये ४०. त्याच भेटीत यंत्राची जुळणी बदलून घेतली.